घाटाखालून घाटावर

गणपती उठले आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या भाच्याचा मँचेस्टरहून फोन आला. इकडची तिकडची चौकशी झाल्यावर त्याने एकदम विचारले, "मामा, आजोबांची फियाट अजून चालते का हो?"

गाडी चालते, हे खरेच होते. पण ती कुठे चालते असे त्याने विचारले असते, तर मला उत्तर देणे जड गेले असते. गेली कित्येक वर्षे आमची ही १९६२ सालची फियाट खामगावातल्या आमच्या घरापासून मिस्त्रींच्या गॅरेजपर्यंत जाते, तिथून परत येते, आणि दसऱ्याला झेंडूची माळ घालून अंगणात उभी राहते. तिचा प्रवास तेवढाच.

भाच्याच्या डोक्यात मात्र निराळेच होते. गेल्या उन्हाळ्यात तो जुन्या मोटारींच्या एका सहलीबरोबर इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतून चार दिवस हिंडून आला होता. पन्नास-साठ वर्षांच्या गाड्या, झुडपांच्या कुंपणांमधून जाणारे अरुंद रस्ते, आणि संध्याकाळी एखाद्या जुन्या खाणावळीत मुक्काम. तिकडे हा षौक फार जुना आहे. १८९६ सालच्या नोव्हेंबरात इंग्लंडमध्ये मोटारींची वेगमर्यादा वाढवून ताशी १४ मैल करण्यात आली, तेव्हा त्या आनंदात मोटारवाल्यांनी लंडनहून ब्रायटनपर्यंत गाड्या नेल्या. त्या फेरीच्या आठवणीखातर अजूनही दरवर्षी १९०५ सालापूर्वीच्या गाड्या त्याच वाटेने धावतात. "मी दिवाळीला येतोच आहे," तो म्हणाला, "आपण आजोबांच्या गाडीतून आपला बुलढाणा जिल्हा असाच पाहू. मी नकाशा बघितला. दोन दिवसांत सगळे होते."

दोन दिवसांत! मी ही गोष्ट मिस्त्रींच्या कानांवर घातली. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला, बॉनेट उघडून क्षणभर आत पाहिले आणि सांगितले, "चढते भाऊ, घाट चढते. पन तिले घाई नोका करू. पानी पाहून थांबजा."

ह्या एका वाक्याने माझ्या भाच्याचा नकाशा निकालात निघाला.

जुनी गाडी बाळगणाऱ्यांना मिस्त्रींचे म्हणणे लगेच कळेल. फियाटचे इंजिन १०८९ सीसीचे, गियर स्टिअरिंगच्या दांड्यावर. सपाटीवर ती आजही गुणी मुलीसारखी धावते. पण चढाला लागली की रेडिएटरचे पाणी उकळू लागते, इंजिनाच्या उष्णतेने पंपातल्या पेट्रोलची वाफ होते, आणि मग गाडी थांबवून पंपावर ओले फडके ठेवून वाट पाहण्यावाचून दुसरा इलाज नसतो. त्यात हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. जुन्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही, म्हणून त्या साऱ्या बदलाव्या लागल्या. एका दिवसात साठ-सत्तर मैलांपेक्षा जास्त नाही, उन्हाच्या वेळी चढ नाही, आणि प्रत्येक टप्प्यावर पाणी हवे, अशी तीन कलमे मिस्त्रींनी घालून दिली.

चौथे कलम आईने घातले. ती आता शहाऐंशी वर्षांची आहे. आमचे बोलणे ऐकत ती पाटावर गहू निवडीत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "मी येणार. माझं सिंदखेड राहिलं आहे."

तेव्हा मला दादांच्या वहीची आठवण झाली. माझे वडील, म्हणजे दादा, खामगावात डॉक्टर होते. ही फियाट त्यांनी १९६६ साली कुणाची वापरलेली घेतली, आणि पहिल्या दिवसापासून तिची एक वही ठेवली. वहीत पाच रकाने होते : तारीख, गाव, मैल, पेट्रोल आणि पाणी. ह्या शेवटच्या रकान्यात गाडीला पाणी कुठे मिळाले ते लिहिलेले असे. 'घाटाच्या पायथ्याशी विहीर. पोहरा आहे.' 'देवळामागची बारव. उन्हाळ्यातही पाणी.' 'गाडीवानाने आपल्या घागरीतले दिले. पैसे घेतले नाहीत.' वही माळ्यावरच्या ट्रंकेत सापडली. तिच्यातले १९६७ सालचे एक पान उघडले, तो वरती दादांच्या अक्षरात 'सिंदखेडराजा' असे लिहिलेले, खाली वाटेतली गावे क्रमाने मांडलेली, आणि पुढचे रकाने सगळे कोरे. निघायच्या आदल्या दिवसापासून दवाखान्यात रुग्णांची रीघ लागली, जाणे पुढे ढकलले, आणि ते ढकललेलेच राहिले. घरापासून शंभर किलोमीटरांवरचे गाव पाहायचे राहून जाते, ते असेच.

मग मी आणि वही, असे आम्ही दोघांनी मिळून प्रवासाचा बेत आखायला घेतला. आणि आखता आखता माझ्या एक गोष्ट ध्यानात आली, ती सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे. नव्या मोटारीला रस्ता लागतो. जुन्या मोटारीला पाणी, सोपा चढ आणि दिवेलागणीपूर्वी गाठता येईल असा मुक्काम लागतो. आणि नेमक्या ह्याच तीन गोष्टी शेकडो वर्षे फौजांना, कापसाच्या गाड्यांना आणि यात्रेकरूंना लागत होत्या. म्हणून फियाटसाठी केलेला नकाशा आपोआप इतिहासाचा नकाशा होऊ लागला.

आमच्या जिल्ह्याचे दोन मजले आहेत. मोगल अमदानीपासून वऱ्हाडचे दोन भाग मानीत : पाईनघाट आणि बालाघाट. फारसीत 'पाईन' म्हणजे खालचा आणि 'बाला' म्हणजे वरचा. अजिंठ्याची डोंगररांग जिल्ह्याच्या मधून जाते. तिच्या उत्तरेला मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव हा पूर्णेचा काळ्या मातीचा सपाट मुलूख, तो पाईनघाट. दक्षिणेला बुलढाणा, चिखली, मेहकर, सिंदखेडराजा, तो बालाघाट. खालची पूर्णा तापीला मिळून पश्चिम समुद्राला जाते. वर बुलढाण्याजवळ डोंगरात उगम पावणारी पैनगंगा वर्धेला मिळते आणि गोदावरीच्या परिवारातून पूर्व समुद्राला जाते. गंमत अशी की जिल्ह्याच्या दक्षिणेला आणखी एक पूर्णा आहे, तिला खडकपूर्णा म्हणतात, तीही गोदावरीचीच. एका जिल्ह्यात एकाच नावाच्या दोन नद्या आणि दोघींची तोंडे दोन समुद्रांकडे! मधला घाट चढल्याशिवाय हे कळत नाही, आणि गाडी धापा टाकू लागल्याशिवाय घाट चढलो हे कळत नाही.

पहिला दिवस पाईनघाटाचा. आईच्या सांगण्यावरून आदल्या संध्याकाळी शेगावला जाऊन गजानन महाराजांचे दर्शन घ्यायचे. १८७८ साली महाराज शेगावात प्रकट झाले आणि १९१० साली त्यांनी समाधी घेतली. आमच्या भागात कोणतेही काम तिथे डोके टेकल्यावाचून सुरू होत नाही. मोटारीचा प्रवास तरी कसा व्हावा?

खामगावातून निघताना भाच्याला मी एक गोष्ट दाखवणार आहे. अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटले आणि तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी मोल आले. हा मुलूख १८५३ सालीच निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेला होता. १८६७ पर्यंत रेल्वे नागपूरला पोहोचली, पण ती खामगावाला बगल देऊन गेली. म्हणून जलंबपासून खामगावपर्यंत केवळ कापसासाठी एक छोटा फाटा टाकण्यात आला, आणि १८७० साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनाला आले. घाटावरच्या बैलगाड्या कापूस घेऊन उतरायच्या त्या खामगावाकडे. भाचा मँचेस्टरात राहतो. तो ज्या वाटेने परदेशी गेला, त्या वाटेने आमच्या गावचा कापूस त्याच्याआधी शंभरावर वर्षे गेलेला होता.

खामगावहून बुलढाण्याला बोथ्याच्या जंगलातून थेट जाता येते. ज्ञानगंगा अभयारण्याचा तो भाग. यवतमाळकडच्या टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ शेकडो कोस चालून २०१९ सालच्या अखेरीस ह्याच अरण्यात आला होता. पण आम्ही लांबची वाट धरणार आहोत : नांदुरा, मलकापूर, मोताळा आणि मग राजूरचा घाट. कारण मोताळा तालुक्यात, घाटाच्या पायथ्याला, रोहिणखेड आहे. आज तिथे जुनी देखणी मशीद तेवढी लक्ष वेधून घेते. परंतु खानदेशातून दख्खनवर चढणाऱ्याला ही जागा टाळता येत नसे. १४३७ साली बहामनी सेनापती खलफ हसन याने खानदेशच्या नसीरखानाचा इथेच पराभव केला. पुढे १५९१ मध्ये अहमदनगरच्या गादीवर हक्क सांगत बुऱ्हाण निजामशहा खानदेशच्या राजाची मदत घेऊन आला, तेव्हा त्याला अडवायला नगरचा वजीर जमालखान इथवर धावत आला. उन्हाळ्याचे दिवस, अवघड वाटेने झालेली दौड, आणि तहानेने हैराण झालेली फौज. जमालखान गोळी लागून पडला आणि नगरची गादी बुऱ्हाणाला मिळाली. फौजेचे काय आणि फियाटचे काय, घाटाशी पाण्यावाचून कुणाचे चालत नाही. दादांच्या वहीतली पायथ्याची विहीर मी लाल पेन्सिलीने खूण करून ठेवली आहे. आता ती असेल की बुजली असेल, ते गेल्यावर कळेल. म्हणून दोन कॅन पाणी डिकीत घेतलेच आहे.

घाट सकाळी चढायचा, म्हणजे बुलढाण्याला दुपारच्या जेवणाला पोहोचायचे. गावाची हवा थंड. घाटाखालच्या उन्हाने भाजून निघालेल्या इंग्रज साहेबांनी जिल्ह्याचे ठाणे इथे वर बसवले, ह्याचे नवल वाटू नये.

दुसऱ्या दिवशी चिखलीवरून मेहकर. मध्ये आत वळून साखरखेर्डा गाठायचे. शाळेच्या पुस्तकात ह्या गावाचे नाव एका ओळीत येते आणि जाते, पण त्या ओळीचे वजन फार. १७२४ सालच्या ऑक्टोबरात निजाम-उल्-मुल्क आणि हैदराबादचा सुभेदार मुबारिझखान यांची गाठ इथे पडली. दिल्लीच्या दरबाराने निजामाचा काटा काढण्याचे काम मुबारिझखानावर सोपवले होते. तो लढाईत मारला गेला, आणि निजाम नावाला बादशहाचा चाकर पण खरा दख्खनचा धनी झाला. पुढे सव्वादोनशे वर्षे, १९४८ पर्यंत, हैदराबादचे जे राज्य टिकले त्याचा पाया ह्या ज्वारीच्या रानात घातला गेला. विजयाची खूण म्हणून निजामाने गावाला 'फत्तेखेर्डा' असे नाव दिले. गाव मात्र आजही साखरखेर्डाच राहिले. साखरेचा गोडवा फत्तेपेक्षा टिकाऊ ठरला म्हणायचा!

मेहकर पैनगंगेच्या काठी. अकबराच्या काळी वऱ्हाडच्या सुभ्यातले हे एक सरकारचे ठिकाण होते. इथल्या शारंगधर बालाजीची काळ्या पाषाणाची उंच मूर्ती १८८८ साली जमिनीखालून निघाली, आणि लोकांनी तिची तिथेच प्रतिष्ठापना केली. आई त्या दर्शनाची वाट पाहते आहे. मेहकरात कंचनीचा महालही आहे. लोक सांगतात की कंचनी नावाच्या नर्तकीने लोणारच्या कमळजादेवीचा दिवा आपल्या माडीवरून दिसावा म्हणून मजल्यावर मजले चढवले, आणि देवीच्या शापाने तिचा शेवट झाला. ही दंतकथा आहे. पण मेहकरहून लोणार एका संध्याकाळच्या अंतरावर आहे, हे ती बरोबर सांगते. आम्हीही मेहकरला दर्शन आटोपून लोणारला मुक्कामाला जाणार.

तिसरा दिवस पूर्ण लोणारचा, आणि त्या दिवशी गाडीला विश्रांती. लोणारचे सरोवर पाहिले नाही असा माणूस आमच्या भागात विरळा. तरी ते काय आहे हे कळायला फार काळ गेला. पुराणाने सांगितले की लवणासुराला विष्णूने इथे मारले. गावातले दैत्यसूदनाचे सुंदर कोरीव देऊळ त्या कथेचे. अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त इथल्या खाऱ्या पाण्यापासून निघणाऱ्या क्षारांची नोंद केली. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने हे विवर पाहिले. पुढे दीडशे वर्षे विद्वान त्याला ज्वालामुखीचे तोंड समजत राहिले, कारण भोवती सगळा लाव्हाचाच खडक. १९७३ च्या सुमारास खडकांच्या परीक्षेतून नक्की झाले की हा आकाशातून पडलेल्या अशनीचा घाव आहे. काळ्या बसाल्टात पडलेली अशी विवरे पृथ्वीवर फार थोडी. काठापासून काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर, आणि खोली दीडशे मीटरच्या आसपास. घाव किती जुना, ह्यावर मात्र अजून एकमत नाही. एक मोजणी सुमारे बावन्न हजार वर्षे सांगते, दुसरी साडेपाच लाखांच्या वर जाते. २०२० सालच्या जूनमध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्म जीव हे त्याचे कारण ठरले. आणि त्याच वर्षी ह्या पाणथळीला रामसर करारात स्थान मिळाले. आम्ही खाली उतरू, आई वर काठावर गोमुखाच्या धारेपाशी बसेल. खाली खारे पाणी आणि काठावर गोड्या पाण्याची अखंड धार. ती धार नसती तर ना देऊळ झाले असते, ना गाव.

चौथा दिवस त्या कोऱ्या पानाचा. लोणारहून सिंदखेडराजा एका सकाळीत येते. लखुजी जाधवरावांचे हे गाव. इथल्या वाड्यात १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाबाईंचा जन्म झाला. वाडा सगळ्यांना ठाऊक असतो. मला वहीने पाणी शोधायची सवय लावली, म्हणून माझी यादी निराळी झाली. दगडी बांधाचा मोती तलाव, पाण्यात इमारत असलेला चांदणी तलाव, पायऱ्या उतरत जाणारी पुतळा बारव. अवर्षणी मुलखात एवढे पाणी बांधून काढणारे घराणे केवळ तलवारीचे नव्हते, मुलूख वसवणारे होते. आणि जिजाबाईंनी पुढे पुण्यात उजाड झालेली वस्ती पुन्हा उभी केली, तेव्हा ती विद्या त्यांनी माहेराहून आणलेली असावी, असे मला ह्या बारवेचा विचार करताना वाटते.

तिथेच लखुजींची भव्य समाधी आहे. १६२९ साली निजामशहाने त्यांना देवगिरीच्या दरबारात बोलावून दगा केला. लखुजी, त्यांचे अचलोजी आणि राघोजी हे मुलगे, आणि यशवंतराव हा नातू एकाच दिवशी मारले गेले. त्यानंतर सात-आठ महिन्यांतच शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला. माहेरच्या ह्या घावाचा अर्थ जिजाबाईंच्या पोटात कसा उतरला असेल, हे मी कितीही पुस्तके वाचून सांगू शकणार नाही, आई मात्र एवढेच म्हणाली, "म्हणून तर मला ते घर बघायचं आहे." २०२४ साली ह्या समाधीजवळ पुरातत्त्व खात्याचे काम चालले असता जमिनीखालून शेषशायी विष्णूचे मोठे शिल्प निघाले. पायाखाली अजून काय काय आहे, ह्याचा पत्ता आपल्याला नसतो.

पाचव्या दिवशी देऊळगावराजाच्या बालाजीला हात जोडून, खडकपूर्णा ओलांडून, चिखलीवरून घाट उतरायचा आणि दिवे लागायच्या आत खामगाव.

हा बेत मी भाच्याला कळवला, तेव्हा तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मामा, समृद्धी महामार्ग मेहकर, सिंदखेडराजावरूनच जातो. तासाभरात जिल्हा संपतो." खरे आहे. मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटरांचा तो रस्ता २०२५ साली पुरा झाला. आजारी माणसाला वेळेवर पोहोचवायचे असेल तर त्याच्यासारखा रस्ता नाही, आणि दादा असते तर त्यांनी त्याचे पहिले कौतुक केले असते. पण त्या रस्त्याला घाट जाणवत नाही, पाणी लागत नाही, आणि मुक्कामाचे गाव लागत नाही. मग पाईनघाट आणि बालाघाट हे शब्द मुलांना कोण समजावून देणार?

ह्या फियाटची नोंदणी पुढच्या वर्षी संपते. मिस्त्रींचेही वय झाले, आणि त्यांच्या मुलाने नव्या गाड्यांचे काम धरले आहे. ती पुन्हा घाट चढेल की नाही, मला ठाऊक नाही. नळ्या बदलल्या, पट्टा बदलला, रेडिएटर धुऊन झाला, आईसाठी मागच्या सीटवर दुलई घातली. पंपावर ठेवायचे जुने फडके डॅशबोर्डच्या खणात ठेवले आहे.

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचे ठरले आहे. दादांची वही बरोबर घेतली आहे, आणि १९६७ सालच्या त्या पानाला पेन्सिल अडकवून ठेवली आहे. मैल आणि पेट्रोल भाचा लिहील. पाण्याचा रकाना आई सांगेल तसा मी भरीन.